कपाटातल्या डिस्कची यादी

संगणकापासून काढून कपाटात ठेवलेल्या हार्ड डिस्कवर काय आहे, हे ती पुन्हा जोडल्याशिवाय कळत नाही. लग्नाचे चित्रीकरण, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, जुने फोटो असे चार-पाच डिस्कवर विखुरले की एका फायलीसाठी साऱ्या डिस्क एकेक करून जोडाव्या लागतात. म्हणून डिस्क हाताशी असतानाच तिची यादी करायची आणि ती रोजच्या संगणकावर ठेवायची.

लिनक्सवर त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. टर्मिनलमधली ‘फाइंड’ ही आज्ञा फोल्डरन् फोल्डर धुंडाळते आणि सांगितले तर प्रत्येक फायलीचा मार्ग, आकार व शेवटच्या बदलाची तारीख एकेका ओळीत देते. हे सारे एका साध्या मजकुराच्या फायलीत उतरवायचे आणि तिला डिस्कवरच्या चिठ्ठीचेच नाव द्यायचे, समजा ‘डिस्क-३’. ही चिठ्ठी विसरली तर यादी असून नसल्यासारखी.

पुढचे काम ‘ग्रेप’चे. केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी १९७३च्या सुमारास लिहिलेला हा प्रोग्रॅम साऱ्या याद्या क्षणात चाळतो. मराठी नावांत मात्र एक खाच आहे. ‘वऱ्हाड’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून किंवा र आणि नुक्ता मिळून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण ग्रेपच्या लेखी ती वेगळी अक्षरे. अशा वेळी ‘हाड’ एवढेच शोधावे.

यादीत प्रत्येक फायलीचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली खूणही असावी. ‘शा-२५६’ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. नावे वेगळी पण चेकसम एकच, तर मजकूर तोच. वर्षभराने चेकसम पुन्हा काढून ताडून पाहिले की न उघडताही बिघडलेली फाइल सापडते. त्यासाठी सगळी डिस्क वाचावी लागते. सेकंदाला १०० मेगाबाइट वेग धरला तर एका टेराबाइटला पावणेतीन तास. तेवढा वेळ जरूर द्यावा.

फायली सतत इकडून तिकडे जात असतील तर हाताने केलेली यादी मागे पडते. तिथे जोई हेस यांनी २०१०मध्ये सुरू केलेले ‘गिट-अनेक्स’ कामाला येते. कोणत्या फायलीची प्रत कोणत्या डिस्कवर आहे, याची नोंद ते स्वतःच ठेवते, आणि हवी ती डिस्क जोडलेली नसेल तर तिचे नाव सांगते. एखादी प्रत काढून टाकायला सांगितली, तर ते नुसत्या नोंदीवर विसंबत नाही. ठरवलेल्या संख्येइतक्या प्रती इतरत्र असल्याची खात्री पटेपर्यंत ती प्रत पुसायला नकार देते.