पाच डोलकाठ्यांचे जहाज आणि नाहीशी झालेली अकरा माणसे

दिवेलागणीला तुमची बैलगाडी रानातून एकटीच दारात आली, बैल जुंपलेले, कासरा लोंबतो आहे आणि गाडीवानाचा पत्ता नाही, तर काळजात कसे धस्स होईल! वाचकहो, अमेरिकेच्या किनाऱ्यावर 1921 साली असेच घडले. फरक इतकाच, की ती गाडी नव्हती, पाच डोलकाठ्यांचे भले मोठे शिडाचे जहाज होते, आणि बेपत्ता झाली ती अकरा माणसे.

जहाजाचे नाव कॅरोल ए. डिअरिंग. मालकाने आपल्या मुलाचेच नाव त्याला दिलेले. मेन राज्यातल्या बाथ गावी 1919 साली ते बांधले. 1920 मध्ये ते कोळसा घेऊन ब्राझीलच्या रिओ बंदराकडे निघाले. वाटेत कप्तान आजारी पडला, तेव्हा विलिस वॉर्मेल नावाच्या 66 वर्षांच्या जुन्या दर्यावर्द्याला बोलावून घेतले. माल पोचला. 2 डिसेंबरला रिकामे जहाज परत फिरले आणि बार्बाडोस बेटावर थांबले. तिथे दुय्यम अधिकारी मॅक्लेलन दारू पिऊन कप्तानाविरुद्ध बडबडू लागला, त्याला अटकही झाली. कप्तानाने मोठ्या मनाने त्याला सोडवून आणले. 9 जानेवारीला जहाज घराकडे निघाले.

जानेवारीच्या अखेरीस ते केप लुकआऊटच्या दीपनौकेजवळून गेले. दीपनौका म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेले दिव्याचे जहाज. जहाजावरून तांबूस केसांच्या एका माणसाने ओरडून सांगितले, "आमचे नांगर वादळात गेले, कंपनीला कळवा." हा नांगर आपल्या शेतातला नव्हे हं, पण रुतायचे काम त्याचेही तेच; तो नसेल तर जहाजाला उथळ पाण्यात थांबताच येत नाही. बोलणारा कप्तानासारखा वाटत नव्हता. शिवाय ज्या भागात साध्या खलाशांनी फिरकायचे नाही, तिथेच ते घोळक्याने उभे होते. दीपनौकेचा रेडिओ नेमका तेव्हाच बिघडलेला!

31 जानेवारीला सकाळी केप हॅटरसजवळच्या डायमंड शोल्स या वाळूच्या दांड्यावर जहाज रुतलेले दिसले. सगळी शिडे उभारलेली. इथे थंड आणि उष्ण प्रवाह एकमेकांना भिडतात, पाण्याखालची वाळू सारखी जागा बदलते. या किनाऱ्याला 'अटलांटिकचे कब्रस्तान' म्हणतात ते उगीच नव्हे. दर्या इतका खवळलेला, की 4 फेब्रुवारीपर्यंत कोणाला वर चढताच आले नाही.

वर काय होते? स्वयंपाकघरात जेवणाची तयारी चाललेली. सुकाणूचे चाक मोडलेले. होड्या नाहीत, नोंदवही नाही, दिशा काढायची साधने नाहीत, कप्तानाचे सामानही नाही. माणूस तर एकही नाही.

कप्तानाची मुलगी लूला स्वस्थ बसली नाही. तिने थेट राजधानी गाठली. व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर (हेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले) यांच्या पुढाकाराने सरकारच्या पाच खात्यांनी शोध घेतला. एप्रिलमध्ये एका माणसाने बाटलीत चिठ्ठी सापडल्याचे सांगितले. चाचे जहाज पकडून खलाशांना नेत आहेत, असा मजकूर! अक्षर जहाजावरच्या यांत्रिकाचे आहे, असे तज्ज्ञांनाही वाटले. त्या लेकीच्या जिवाला केवढी आशा वाटली असेल! पण शेवटी त्याने कबूल केले, ती चिठ्ठी त्यानेच लिहिली होती, दीपगृहावर नोकरी मिळावी म्हणून. पोटासाठी माणूस काय करेल याला धरबंध नाही, पण हे मला फार निर्दय वाटते.

कोणी म्हणाले बंड झाले, कोणी म्हणाले चोरटी दारू नेणाऱ्यांनी लुटले. कोणी बर्म्युडा त्रिकोणाचे नाव घेतात; पण ही जागा त्या त्रिकोणात मुळी येतच नाही. वादळाला भिऊन माणसे होड्यांत बसली आणि लाटांनी गिळली, हे मनाला पटते. मग शिडे का उतरवली नाहीत? जिवावर बेतले असताना कप्तानाचे सामान उचलायला सवड कोणाला मिळाली? माझा कल बंडाकडे झुकतो, पण पुरावा एकही नाही. 1922 साली चौकशी बंद झाली.

येणाऱ्या-जाणाऱ्यांना धोका नको म्हणून मार्च 1921 मध्येच जहाज सुरुंगाने उडवले होते. त्याच्या नाळेचा तुकडा वाहत वाहत ओक्राकोक बेटाच्या वाळूत येऊन पडला. अकरांपैकी मात्र कोणीच किनाऱ्याला लागले नाही.