पहिले पाढे पंचावन्न!

बटण दाबलं. पंखा घरघरला, दिवा लागला, स्क्रीन मात्र काळीच. मग डब्याला दोन टपल्या, आणि घरात जाहीर घोषणा : "सीपीयू गेला!" खरा सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चिप. आपण ते नाव अख्ख्या डब्यालाच देऊन टाकलंय. असो. गंमत अशी, की सुरू न होणारा संगणक मुका नसतो. घोडं कुठे अडलंय हे तो बऱ्याचदा सांगतो. ऐकायचं कसं, तेवढं कळलं पाहिजे.

बुटाची वादी, आपलाच हात

संगणक 'बूट' होतो, त्या शब्दाचा पायातल्या बुटाशी खरंच संबंध आहे. इंग्रजीत स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःलाच वर उचलण्याची एक अशक्य कल्पना आहे. संगणकाचं दुखणं नेमकं तेच : प्रोग्रॅम मेमरीत आणायला प्रोग्रॅम लागतो, मग पहिला कोण आणणार? कोंबडी आधी की अंडं आधी? आज हा पहिला प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा बसलेला असतो. १९७५च्या अल्टेअर ८८०० या संगणकावर मात्र तो समोरचे खटके वरखाली करून माणसानेच भरायचा. वीज गेली की पाटी कोरी! या अल्टेअरवर 'बेसिक' या प्रोग्रॅमिंग भाषेची आपली आवृत्ती दाखवायला पुढे मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक झालेले पॉल अ‍ॅलन विमानाने निघाले आणि वाटेत त्यांच्या लक्षात आलं, की सुरुवातीचा हा छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिलाय. तो त्यांनी विमानातच कागदावर खरडला. चालला!

एक 'पीप' म्हणजे सब ठीक

१९८१च्या आयबीएम पीसीपासून संगणक जागा होताच आधी स्वतःची तपासणी करतो. सगळं ठीक असेल तर एक छोटी 'पीप'. अनेक मदरबोर्डांवर एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. लांब पीपा थांबतच नसतील तर संशय रॅमवर. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी, म्हणून मदरबोर्डचं पुस्तक रद्दीत घालू नका. आताच्या बऱ्याच मदरबोर्डांवर आवाजाऐवजी चार बारीक दिवे असतात : सीपीयू, रॅम, ग्राफिक्स, बूट. जो दिवा लागून राहील, तिथे गाडी अडली.

कंपासपेटीतला डॉक्टर

रॅमचे सोनेरी दात काळवंडले किंवा धूळ बसली, की संगणक तिला ओळखच देत नाही. यावर गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याचं औषध म्हणजे साधं खोडरबर. वायर काढायची, रॅम उपसायची, दात हलक्या हाताने पुसायचे, रबराचा चुरा झटकायचा आणि दोन्ही बाजूंनी 'खट्' आवाज येईपर्यंत परत बसवायची. नवी रॅम घ्यायला लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी हा दहा रुपयांचा उपाय करून बघा.

तीन व्होल्टची स्मरणशक्ती

संगणक सुरू होतो, पण तारीख कुठल्या तरी जुन्याच वर्षाची? मदरबोर्डवरचा बटनसेल संपलाय. त्याचं नाव सीआर २०३२, आणि नावातच माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. संगणक बंद असताना घड्याळ चालतं ते याच्या जिवावर. तारीख चुकली की बँकेची साइटही 'सुरक्षित नाही' म्हणत दार लावून घेते. दोष बँकेचा नाही, सेलचा आहे.

५५चा पाढा

जुन्या पद्धतीत संगणक हार्ड डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि शेवटच्या दोन बाइटांत एक खूण शोधतो : '५५ एए'. खूण नसली तर 'इथून सुरू होण्यासारखं काही नाही' म्हणून पुढे सरकतो. म्हणजे संगणकाचेही पहिले पाढे पंचावन्नच! पूर्वी ड्राइव्हमध्ये विसरलेल्या फ्लॉपीपाशी मात्र गाडी अडायची. आता फ्लॉपीची जागा पेनड्राइव्हने घेतलीय. म्हणून आधी यूएसबीला लावलेलं सगळं उपटा, मग चिंता करा.

कीबोर्ड नाही? मग एफ१ दाबा

जुन्या संगणकांवरचा हा अजरामर संदेश. कीबोर्ड सापडत नाही म्हणून सांगायचं आणि वर त्याचंच बटण दाबायला लावायचं! पण त्यात दुखणंही होतं आणि औषधही : निसटलेली वायर खोचा, मग एफ१ दाबा.

मंगळावरचा रीस्टार्ट

'बंद करून चालू करा' हा उपाय नासालाही चुकला नाही. जानेवारी २००४मध्ये मंगळावर उतरलेली स्पिरिट ही बग्गी तीन आठवड्यांच्या आतच आजारी पडली. संगणक सुरू व्हायचा, अडकायचा, पुन्हा सुरू व्हायचा. असं साठाहून जास्त वेळा झालं. रात्री झोपही घेईना, त्यामुळे बॅटरी उतरू लागली. कारण आपल्या फोनसारखंच : प्रवासापासून साठलेल्या फायलींनी फ्लॅश मेमरीची व्यवस्था तुंबली होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरून हुकूम दिला, 'फ्लॅशला हात न लावता सुरू हो.' बग्गी शुद्धीवर आली, मेमरी साफ झाली, आणि ९० मंगळ-दिवसांसाठी पाठवलेली स्पिरिट २०१०पर्यंत बोलत राहिली. आपला 'सेफ मोड' याच जातीचा : जेवढं लागतं तेवढंच घेऊन उठायचं.

एक फाइल, ८५ लाख संगणक

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळी स्क्रीन दाखवत बसले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. उपाय? सेफ मोडमध्ये जाऊन अपडेटमधून आलेली ती एक फाइल पुसायची. मात्र बहुतेक ठिकाणी एकेका संगणकापाशी बसून. काही क्लाउड सर्व्हर तर पंधरा-पंधरा वेळा रीस्टार्ट केल्यावर ताळ्यावर आले.

'शटडाउन' अर्धवट, 'रीस्टार्ट' पूर्ण

वाटतं उलटं, पण विंडोज ८पासून 'शटडाउन' केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो, म्हणजे सकाळी लवकर सुरू होता येतं. कालची कुरकुरही त्याबरोबर जपली जाते. 'रीस्टार्ट' मात्र पाटी पुसून नव्याने सुरुवात करतो. म्हणून संगणक विचित्र वागू लागला तर रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून शटडाउन.

आता तुमची पाळी

प्लग आणि स्क्रीनची वायर घट्ट आहे का बघा. वायर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जाईल. मग पुन्हा लावा. तरी नाहीच, तर हार्डवेअरवाल्याला बोलवा. पण फोनवर "चालू होत नाही" एवढंच म्हणू नका. किती वेळा वाजला, कुठला दिवा लागला, कुठपर्यंत पोचून अडला, हे सांगा. त्याचं अर्धं काम तिथेच होईल.