गाळतळ्यातील मोकळी जागा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहरा येथील डोंगरांतून येऊ लागले. भट्टीत जाण्यापूर्वी हे खनिज फोडून पाण्याने धुवावे लागते. धुताना माती व अतिसूक्ष्म खनिजकण पाण्याबरोबर वाहून जातात. हा गाळ ओढ्यानाल्यांत व शेतांत पसरू नये म्हणून बांध घालून अडवतात. दल्लीचा असा गाळ हितकसा येथील बांधामागे साठवण्यात आला. अशा जलाशयाला आपण गाळतळे म्हणू.

सामान्य धरणात गाळ साचणे ही आपत्ती असते. गाळतळे मात्र त्यासाठीच बांधलेले असते. तळाशी गाळ, त्यावर निवळीचे पाणी आणि त्याहून वर बांधाच्या माथ्यापर्यंत मोकळी जागा, अशी त्याची रचना असते. या मोकळ्या जागेचा खालचा भाग पुराचे पाणी सामावण्यासाठी असतो. वरचा भाग लाटांपासून संरक्षण म्हणून सदैव रिकामा ठेवावा लागतो. गाळाची पातळी जसजशी चढते, तसतशी पुरासाठीची जागा घटत जाते. म्हणून बांधतेवेळी केलेले गणित पुढे उपयोगी पडत नाही.

एक उदाहरण घेऊ. पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर आहे आणि एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, असे समजा. सारे पाणी तळ्यात उतरले तर ते २ लाख घनमीटर भरेल. तळ्याचा पृष्ठभाग २० हेक्टर असल्यास पातळी सुमारे १ मीटरने चढेल. तेवढी जागा शिल्लक नसेल आणि सांडवाही अपुरा असेल, तर पाणी बांधावरून वाहू लागेल. मातीचा व गाळाचा बांध असा प्रवाह फार काळ सोसू शकत नाही.

२२ फेब्रुवारी १९९४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील मेरीस्प्रूट येथे नेमके हेच घडले. सोन्याच्या खाणीचे तेथील गाळतळे ३१ मीटर उंचीचे होते. सायंकाळच्या वादळात सुमारे ५० मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस काही अभूतपूर्व नव्हता. परंतु तळ्यात पुरेशी मोकळी जागाच उरली नव्हती. बांध फुटला, गाळाचा लोंढा खालच्या वस्तीत शिरला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली.

यासाठी तळ्याची मोजणी सतत करावी लागते. मोजपट्टीवरून पाण्याची पातळी रोज नोंदवतात. पर्जन्यमापकाची नोंद तिच्याशी ताडून पाहतात. ठराविक काळाने नावेतून खोली मोजून गाळाचा नवा पृष्ठभाग नकाशावर आणतात व कोणत्या पातळीला किती पाणी मावेल, याचा तक्ता पुन्हा तयार करतात. बांधाच्या माथ्याची उंचीही तपासावी लागते, कारण तो खचला असल्यास सारा हिशेब चुकतो.

छत्तीसगडात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्यामुळे ही मोजणी मे अखेर पूर्ण व्हावयास हवी. जागा अपुरी आढळल्यास निवळीचे पाणी उपसून खनिज धुण्यासाठी परत वापरणे, सांडवा मोकळा करणे अथवा बांध उंचावणे, हे उपाय पाऊस सुरू होण्यापूर्वीच करता येतात.