संगणकाचे कित्ते

मुलाचे अक्षर वळणदार व्हावे म्हणून त्याच्यापुढे कित्ता ठेवतात. कित्त्यातील अक्षरच वाकडे असले, तर ते शंभर पाट्यांवर वाकडे उमटते आणि दोष मात्र गिरवणाऱ्याच्या माथी येतो. संगणकासाठी आज्ञावली लिहिण्यास शिकणाऱ्यांपुढेही असेच कित्ते असतात. विद्यार्थी हे नमुने उतरून घेतो, चालवून पाहतो आणि पुढे आपल्या कामात जसेच्या तसे वापरतो.

वेबपृष्ठांत चैतन्य आणणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली. तिचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत सिद्ध झाले होते. या घाईच्या खुणा तीत राहिल्या, यात नवल नाही. चल घोषित करण्याचा 'व्हार' हा शब्द त्यांपैकीच एक होय.

एका पृष्ठावर तीन बटणे आहेत अशी कल्पना करा. जे दाबावे त्याने आपला क्रमांक सांगावा, एवढेच काम. लेखक 'क' नावाचा चल घेतो, आवर्तनात त्याची किंमत एक, दोन, तीन अशी वाढवतो आणि प्रत्येक फेरीत एकेका बटणास बजावून ठेवतो की, तुला कोणी दाबले म्हणजे 'क'ची किंमत दाखव. आता पहिले बटण दाबावे, तर उत्तर येते चार! दुसरे दाबा, तिसरे दाबा, चारच. चौथे बटण तर पृष्ठावर नाहीच. याचे कारण असे की, 'व्हार'ने घोषित केलेला 'क' तिन्ही फेऱ्यांत एकच असतो. बटणांना किंमत मिळालेली नसून त्या एकाच पेटीचा पत्ता मिळालेला असतो. आणि तीनच्या पुढे गेल्यावाचून आवर्तन थांबत नसल्यामुळे अखेरीस त्या पेटीत चार उरतात.

जून २०१५ मध्ये भाषेची नवी प्रमाण आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिने 'लेट' व 'कॉन्स्ट' हे शब्द दिले. 'लेट'मुळे प्रत्येक फेरीस स्वतंत्र पेटी मिळते व बटणे आपापले क्रमांक सांगतात. 'व्हार' मात्र भाषेतून काढला गेला नाही. काढला असता, तर असंख्य जुनी पृष्ठे बंद पडली असती. म्हणून सुधारणा करावयाची ती कित्त्यांत.

मोझिलाने २००५ साली सुरू केलेला एम. डी. एन. हा वेबतंत्राचा मुक्त संदर्भसंग्रह आहे. त्याचा मजकूर डिसेंबर २०२० पासून गिटहबवर ठेवलेला आहे. दुरुस्ती कोणीही सुचवावी, परीक्षकांनी ती पारखून घ्यावी, अशी तेथील रीत. नमुन्यांत 'व्हार'ऐवजी 'लेट' व 'कॉन्स्ट' योजावेत, असे त्याचे लेखननियम सांगतात.

काम सोपे वाटते. एक शब्द शोधून दुसरा घातला की झाले! पण 'जर'च्या कंसात घोषित केलेले नाव पुढे कंसाबाहेर वापरलेले असले, तर 'व्हार'ने चालणारा नमुना 'लेट' घालताच अडतो, कारण 'लेट'ची ओळख कंसापुरतीच असते. बेरीज साठवणाऱ्या चलास 'कॉन्स्ट' लावले, तर पहिल्याच बेरजेस आज्ञावली थांबते. म्हणून प्रत्येक नमुना वाचावा लागतो, चालवून पाहावा लागतो आणि त्याखालचे स्पष्टीकरणही जुळवून घ्यावे लागते. हे काम कंटाळवाणे खरे. पण ते यंत्रावर सोपवून निश्चिंत राहता येत नाही.

काही ठिकाणी तर जुना शब्दच योग्य असतो. आवर्तनातील ही नेहमीची चूक दाखविण्यासाठी त्या संग्रहात 'व्हार'चा एक नमुना मुद्दाम दिलेला आहे. एखाद्या उत्साही दुरुस्तकाराने तेथेही 'लेट' घातला, तर नमुना अगदी बरोबर चालू लागेल आणि तो चुकतो असे सांगणारा मजकूर तेवढा मागे राहील.