नाव चालवणाऱ्याला नावेत जागा नव्हती

आपल्या नातेपुते भागातील मुलांना पाणी म्हणजे नीरा उजव्या कालव्याचे पाणी माहीत. उन्हाळ्यात कॅनॉलला पाणी सुटले की पोरे काठावरून धडाधड उड्या टाकतात. पण ते पाणी गढूळ. गुडघाभर पाण्यात उभे राहिले तरी स्वतःचा पाय दिसत नाही. पाण्याच्या आत काय चालले असते, हे बघायला मिळेल असे आमच्या पिढीला तर कधी वाटलेच नाही.

आता काही कुटुंबे सुटीत मालवणला जातात. तेथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून तोंड पाण्यात घातले की प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. यातली युक्ती साधी आहे. वरून पाहताना पाण्यावर उजेड चकाकतो आणि लाटांमुळे खालचे चित्र मोडते. सपाट काच पाण्याला टेकवली की लाट आड येत नाही, आणि डोक्यावर सावली केली की चकाकी जाते. हीच काच नावेच्या तळाला बसवली, तर ज्याला पोहता येत नाही अशी म्हातारी आजीसुद्धा बाकावर बसून पाण्याचा तळ पाहू शकते.

अशा नावेचा सर्वांत नावाजलेला इतिहास अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातला आहे, आणि तो आपल्या लोकांनी मुद्दाम वाचण्यासारखा आहे.

फ्लोरिडातील ओकाला गावाजवळ सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाचा प्रचंड झरा आहे. जमिनीखालच्या चुनखडीतून गाळून आलेले पाणी इतके नितळ की खोल तळावरचे गवत आणि मासे स्पष्ट दिसतात. १८७८ च्या सुमारास हलम जोन्स याने होडीच्या तळाला काच बसवली, असे सांगितले जाते. आधी वल्ह्याच्या होड्या होत्या, मग पेट्रोलच्या आल्या, पुढे बॅटरीवर चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या नावा आल्या. १९२४ साली रे आणि डेव्हिडसन या दोघा भागीदारांनी धंदा हाती घेतला आणि दूरदूरचे प्रवासी येऊ लागले. टारझनच्या सिनेमांचे चित्रीकरणही या पाण्यात झाले.

या नावा चालवणारे कप्तान बहुतेक काळे होते. तळातली कुठली भेग कुठे, कोणता मासा कोणत्या कपारीत बसतो, हे त्यांना तोंडपाठ. ते ही माहिती तालासुरात सांगत आणि प्रवासी खूश होऊन जात. पण वर्णभेदाच्या त्या काळात काळ्या माणसाला तेथे प्रवासी म्हणून प्रवेश नव्हता. म्हणजे बाप दिवसभर परक्यांच्या पोरांना मासे दाखवणार, आणि त्याच्या स्वतःच्या पोराला तिकीट काढूनही त्या बाकावर बसता येणार नाही! कष्टाला मज्जाव नाही, बसायला मज्जाव. ही रीत आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

महाडचे चवदार तळे तरी वेगळे काय होते? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, पण कागदावरच. गुरेढोरे पाणी पीत, माणसांना बंदी. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे दहा वर्षे कोर्टात काढावी लागली. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

फ्लोरिडातल्या मालकांनी दुसरा मार्ग काढला. त्याच नदीवर मैलभर खाली त्यांनी काळ्या लोकांसाठी वेगळी बाग काढली, ‘पॅराडाइज पार्क’. उद्घाटनाचा दिवस २० मे १९४९. फ्लोरिडात १८६५ साली गुलामांच्या मुक्तीची घोषणा झाली ती याच तारखेला. व्यवस्थापक एडी व्हेरीन, स्वतः पूर्वी काचेच्या नावेवरचा कप्तान. आता काळी मुलेही त्याच नितळ पाण्यावर नावेत बसून तळ पाहू लागली. गाड्या भरभरून कुटुंबे येत; पोहणे, जेवणे, नाचगाणे, सौंदर्यस्पर्धा सारे तेथे चाले.

माझ्या मनात येथे दोन विचार येतात. वेगळी विहीर खोदून देतो म्हणणारे आपल्याकडेही होते. वेगळ्या विहिरीने तहान भागते, पण शिवाशिव तशीच राहते, म्हणून बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्याचाच हक्क मागितला. त्या हिशेबाने ही बाग म्हणजे वेगळी विहीरच. पण ज्या आईने आठवडाभर दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी केली, तिला रविवारी आपली लेकरे घेऊन बिनधास्त बसता येईल अशी जागा मिळाली, त्या आनंदाला मी नावे ठेवणार नाही.

काळ्यांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले, आणि त्यांचे उत्तरही आले. १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटनेला दलित पँथर हे नाव दिले तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. मात्र कायद्यात आपण पुढे होतो. आपल्या राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी, घाट यांच्या जोडीला सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही स्पष्ट लिहिलेली आहेत. अमेरिकेत तसा नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला.

त्यानंतर सिल्व्हर स्प्रिंग्जचे दार सर्वांना उघडले आणि १९६९ साली पॅराडाइज पार्क बंद झाले. इमारती गेल्या, जागेवर रान वाढले. झरा २०१३ पासून सरकारी उद्यानात आहे आणि काचेच्या नावा अजून चालतात. बंद पडलेल्या बागेची हकीकत मात्र कित्येक वर्षे कोणी लिहिली नव्हती. २०१५ साली लू व्हिकर्स आणि सिंथिया विल्सन-ग्रॅहम या दोघींनी तिच्यावर पुस्तक काढले. त्यात जुन्या फोटोंबरोबर तेथे गेलेल्या आणि तेथे काम केलेल्या लोकांच्या आठवणी आहेत.