पडद्यावरची जादू आणि ख्रिस्ती घर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बायबल जादूटोण्याला ठाम मनाई करते आणि मुलांच्या आवडत्या चित्रपटांत मात्र छड्या, मंत्र आणि चेटकिणींची रेलचेल असते. असे चित्रपट मुलांना दाखवावेत का आणि दाखवले तर त्यांच्याशी काय बोलावे, हा ख्रिस्ती आईवडिलांचा प्रश्न रास्तच आहे. अडचण एवढीच, की या विषयावर जे बोलले जाते त्यातले बरेचसे ऐकीव असते.

पहिला गैरसमज खुद्द बायबलबद्दलचा : जादूची गोष्ट ऐकणे-पाहणे हेच निषिद्ध. अनुवाद या बायबलमधल्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायातली मनाई कृतींना आहे. शकुन पाहणे, चेटूक करणे, मृतांना विचारायला जाणे अशी ती यादी आहे आणि तिच्या पाठोपाठच देव संदेष्टा उभा करील, त्याचे ऐकावे, असे सांगितले आहे. रोख आहे तो देवाला वगळून दुसरीकडून ज्ञान किंवा बळ मिळवण्यावर. जादूगारांच्या गोष्टी तर बायबलमध्येच आहेत. फारोचे मांत्रिक काठ्यांचे साप करतात, शौल राजा वेष पालटून रात्री मृतांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे जातो, शोमरोनातला शिमोन प्रेषितांचे सामर्थ्य पैसे देऊन विकत घेऊ पाहतो. संडे स्कूलमध्ये मुले हे सगळे ऐकतातच.

जादूच्या गोष्टींची पुस्तके जाळण्याच्या समर्थनार्थ प्रेषितांच्या कृत्यांमधला (अध्याय १९) इफिसचा प्रसंग हमखास पुढे केला जातो. तिथे जाळली गेली ती मंत्रतंत्र प्रत्यक्ष करणाऱ्यांची, त्यांनी स्वतःहून आणलेली पुस्तके; किंमत ५०,००० चांदीची नाणी. ३० डिसेंबर २००१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे एका चर्चने हॅरी पॉटरच्या प्रती जाळल्या, त्या मात्र कादंबऱ्या होत्या. इफिसचा दाखला इथे लागू पडत नाही.

हॅरी पॉटर वाचून मुले सैतानाची उपासना करू लागल्याची ‘बातमी’ २००० मध्ये ईमेलवरून घरोघरी पोहोचली. तिचा उगम द ओनियन या अमेरिकी विडंबनपत्रात होता. त्यातली मुले आणि त्यांची विधाने सगळी रचलेली.

पोपने हॅरी पॉटरवर बंदी घातली, हेही तसेच. २००३ मध्ये कार्डिनल रात्सिंगर यांनी या पुस्तकांवर टीका करणाऱ्या एका जर्मन लेखिकेला पत्र पाठवून तिच्या प्रयत्नाची प्रशंसा केली होती. २००५ मध्ये ते पोप झाल्यावर पत्र गाजले आणि मथळ्यांनी त्याचा हुकूम करून टाकला. प्रत्यक्षात अशी बंदी कधी आलीच नाही. कॅथलिक चर्चची निषिद्ध ग्रंथांची यादीच १९६६ मध्ये रद्द झाली आहे. व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ या दैनिकाने २००८ मध्ये पॉटरच्या बाजूचा आणि विरोधातला असे दोन्ही लेख छापले आणि २००९ मध्ये सहाव्या चित्रपटाचे कौतुक केले. प्रॉटेस्टंटांतही मते दुभंगलेली होती. तेव्हा या चित्रपटांबद्दल ‘ख्रिस्ती भूमिका’ एकच आहे, असे मुलांना सांगणे खरे ठरणार नाही.

बऱ्याच घरांत नार्निया चालतो, पॉटर चालत नाही. कारण सी. एस. लुईस ख्रिस्ती लेखक. टोल्कीन निष्ठावान कॅथलिक होते, म्हणून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’लाही सूट मिळते. पण पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग याही चर्चच्या सदस्य आहेत आणि मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात दोन थडग्यांवर नव्या करारातली वचने कोरलेली आहेत. लेखकाचा धर्म पाहून चित्रपट निवडणे सोपे जाते, पण त्याने चित्रपटात काय आहे ते कळत नाही. नार्नियातही मंत्र आहेतच. २०१० च्या ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’मध्ये ल्यूसी जादूच्या ग्रंथातून सौंदर्याच्या मंत्राचे पान गुपचूप फाडून घेते. तिला थोरल्या बहिणीसारखे दिसायचे असते. दहा-बारा वर्षांच्या मुलीशी बोलायला हा प्रसंग फार उपयोगी आहे आणि त्यातला मुद्दा मंत्र खरा की खोटा हा नाहीच.

पॉटरच्या ‘प्रिझनर ऑफ अझ्काबान’ (२००४) मध्ये भविष्यकथनाचा वर्ग जवळजवळ थट्टेचा विषय आहे. हर्मायनी वैतागून स्फटिकाचा गोळा लोटून देते आणि निघून जाते. पण पुढे हॅरी तो गोळा परत ठेवायला जातो, तेव्हा त्याच वर्गाच्या शिक्षिकेच्या तोंडून निघालेले भाकीत खरे ठरते. चित्रपट दोन्हीकडे बोलतो आणि हे मुलांना दाखवून देण्यासारखे आहे. ‘फेलोशिप ऑफ द रिंग’मध्ये फ्रोडो सत्ता देणारी अंगठी देऊ करतो, तेव्हा गॅन्डाल्फ आणि गालाड्रिएल ती नाकारतात, बोरोमीरला मात्र चांगल्या कामासाठी का होईना, ती हवी असते. सत्ता कोण नाकारतो, कोणाला ती हवीच असते आणि का, हे विचारले की लहान मुलेही भराभरा बोलू लागतात. जादूबद्दलचे प्रवचन मात्र ती दोन मिनिटांत कंटाळून सोडतात.

मुले पडद्यावरची जादू खरी मानतात, ही भीती बरीचशी फोल आहे. चार-पाच वर्षांची होईपर्यंत बहुतेकांना खरे आणि खोटे-खोटे यांतला फरक कळू लागतो. भीती मात्र कळूनही जात नाही. रात्री दिवा चालू ठेवायला सांगणाऱ्या मुलाला ‘ते खरे नसते’ एवढ्याने धीर येत नाही.

मराठी ख्रिस्ती मुलांच्या आसपास अनुवादातल्या यादीशी थेट जुळणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात : राशिभविष्य, करणीच्या वावड्या, वसतिगृहातले प्लँचेट. करणी-भानामतीच्या नावाने होणाऱ्या अत्याचारांविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. घरात पेपरातले राशिभविष्य चवीने वाचायचे आणि हॅरी पॉटर बंद ठेवायचा, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

‘यू’ किंवा ‘यूए’ प्रमाणपत्राने प्रश्न सुटतो, हा आणखी एक समज. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन टप्पे झाले, ते वयाला काय झेपेल याचा अंदाज देतात. कथेत शक्ती कुठून येते आणि तिच्यापुढे कोण झुकते, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. त्यासाठी पालकांना चित्रपट आधी स्वतः पाहावा लागतो, निदान मुलांबरोबर बसून तरी.