हात वाकतो कसा?

उजव्या हातात पाण्याने भरलेला तांब्या धरा. डावा हात उजव्या दंडावर ठेवा. आता कोपर वाकवून तांब्या वर उचला. दंडाला बेटकुळी आली ना? तो स्नायू आखडला, म्हणून हात वाकला. आता तांब्या ठेवून द्या आणि तळहाताने जमीन जोराने दाबा. दंडाची मागची बाजू टणक लागेल. हात सरळ करणारा स्नायू तो.

एका कोपराला दोन बाजूंनी स्नायू कशाला? कारण स्नायूला ओढता येते, ढकलता येत नाही. बैलाचा कासरा तसाच. डावीकडे वळायचे तर डावा कासरा ओढतात, उजवा सैल सोडतात. कासऱ्याने कोणी बैलाला ढकलले आहे काय?

सांधाही जागेप्रमाणे असतो. कोपर दाराच्या बिजागरीसारखे, एकाच बाजूला वाकणारे. खांदा उखळीसारखा, म्हणून तो चहूकडे फिरतो.

आता बोटे पाहा. बोटांना बेटकुळी येत नाही. त्यांना वाकवणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली आहेत. मूठ उघडा, मिटा. तिथे हालचाल हाताला लागेल. तिथून पांढऱ्या, चिवट दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. त्यांना कंडरा म्हणतात. आपण ‘शीर’ म्हणतो, पण हिच्यातून रक्त वाहत नाही. वाकवणाऱ्या दोऱ्या तळहाताच्या बाजूने जातात, सरळ करणाऱ्या मागच्या बाजूने.

आमच्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे हे प्रत्येकाला ठाऊक हवे. वाडीत नारळावर कोयता चालतो, घरात मासळीला विळी. हात कापतो. जखम लहान दिसते, रक्त थांबते, माणूस हळद दाबून कामाला लागतो. आत दोरी तुटली असेल तर? तिचे वरचे टोक मनगटाकडे सरकते. जितके दिवस जातील तितके ते जोडणे कठीण. आणि फसगत अशी, की अंगठा सोडून प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन दोऱ्या असतात. एक तुटली तरी बोट अर्धेमुर्धे वाकते!

तेव्हा हळद राहू द्या. स्वच्छ फडक्याने जखम दाबून धरा, हात उंच ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बोटाचे शेवटचे पेर वाकत नसेल, किंवा बोट बधिर झाले असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. दोरी जोडल्यावर काही आठवडे हाताला आधाराची पट्टी असते. त्या काळात डॉक्टर सांगतील तेवढीच हालचाल करावी, पण ती करावीच. जास्त केली तर टाका तुटतो. मुळीच केली नाही, तर जोडलेली दोरी आत चिकटून बसते आणि बोट आखडते.